धरलेली कंबर सोडवायची कशी?

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पत्रिकेतून आम्ही एरवी आपल्याशी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलत असतो. या वेळी विषय घेतला आहे तो कंबरदुखीचा. ऊस विकास अधिकाऱ्याने कंबरेवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पैनगंगेच्या आणि पूस नदीच्या काठच्या गावांत लागणीच्या नोंदी घेत फिरताना, "साहेब, औंदा लागण नाही, कंबर धरली" हे वाक्य आमच्या कानावर वरचेवर पडते. जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, बेणे तयार आहे. पण घरधनी बाजेवर पडलेला. मग वावर बटईने जाते, बैलजोडी बाजार दाखवते आणि पोराची शाळा सुटते. दुखते एकाची कंबर, पण बसते ती साऱ्या घराची.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची पदविका शेतीची. तेव्हा खाली जे लिहिले आहे ते आमच्या मनचे नाही. या विषयावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत देशोदेशीच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलेले आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले आहे. आम्ही ते फक्त वावरातल्या भाषेत मांडत आहोत.

सगळ्याचे सार आधीच सांगून टाकतो. तीन महिन्यांहून जुनी झालेली कंबरदुखी, तिच्यामागे दुसरा गंभीर आजार नसेल तर, पडून राहून बरी होत नाही. मोजून-मापून हालचाल वाढवत गेल्याने माणूस पुन्हा कामाला लागतो. दुखणे संपूर्ण जाईपर्यंत थांबून मग काम सुरू करायचे, हा क्रम उलटा आहे. आधी थोडे काम, मग थोडे अधिक, आणि दुखणे मागाहून कमी होत जाते.

दुखणे आपल्या एकट्याचे नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा नंबर जगात पहिला लागतो. यातल्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या दुखण्याला हाड मोडले, गाठ झाली, नस दबली असे एक ठराविक कारण दाखवता येत नाही. दुखणे खरेच असते, सोंग नसते. पण त्यामागे घाबरून जाण्यासारखे काही नसते.

आपल्याकडे कंबर दुखण्याला नावे पुष्कळ. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, कंबर धरली. उपायही तितकेच. कोणी शेक देतो, कोणी तेल चोळतो, कोणी पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतो. पायाळू माणसाच्या पायात औषध नाही. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरतेच, आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. अवघड प्रश्न आहे तो न उतरणाऱ्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्याचा.

आधी ही लक्षणे तपासा

पुढे वाचण्याआधी खालीलपैकी काही आपल्याला आहे का ते पाहा. असल्यास व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

१) लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे. यात एक दिवसही घालवू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

२) पायातली ताकद कमी होत जाणे, चप्पल पायातून निसटणे, पाऊल घासत चालणे.

३) कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन घटणे. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही आढळतो. वेळेवर कळला तर तो औषधाने बरा होतो आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. असे दुखणे चोळून-मळून अंगावर काढणे म्हणजे पाय गमावण्याची वेळ आणणे.

४) झाडावरून, बंडीवरून किंवा विहिरीच्या काठावरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. वयस्कर बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यांना साध्या घसरण्यानेही मणका दबू शकतो.

५) पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पुष्कळ दिवस स्टेरॉइडची औषधे घेतलेली असणे.

६) चाळिशीच्या आतल्या तरुणाला पहाटे कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली राहणे आणि हालचाल केल्यावरच मोकळी होणे. हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याला वेगळे औषध आहे.

अशा तपासणीसाठी आधी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. पुढे गरज पडली तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे रुग्णालय आहे. एकदा डॉक्टरांनी "गंभीर काही नाही" असे सांगितले, की पुढची जबाबदारी बऱ्याच अंशी आपली स्वतःची.

"मणक्यात गॅप आहे" म्हणजे काय?

गावोगाव हे वाक्य ऐकू येते. फोटो काढला, गॅप निघाला, आता वजन उचलायचे नाही, अशी गाठ माणूस मनाशी मारून घेतो. मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. वय वाढते तशा त्या झिजतात, थोड्या बाहेर फुगतात. केस पिकतात तसाच हा प्रकार.

१९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांच्या कमरेचे एमआरआय फोटो काढण्यात आले. निम्म्याहून अधिक लोकांची एक तरी चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले लोक १०० मध्ये ३६ या प्रमाणातच सापडले. म्हणजे फोटोत दिसते ते सगळेच दुखण्याचे कारण नसते. वरील धोक्याची लक्षणे नसताना हौसेने फोटो काढून घेतला, तर पैसा जातो आणि भीती घरी येते.

नस दबून एका पायात गुडघ्याखालीपर्यंत कळ जाते तो प्रकार वेगळा. तिथेही बाहेर आलेली चकती पुष्कळ वेळा काही महिन्यांत आपोआप आकसते आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. पायाची ताकद जात असेल, लघवीचा ताबा सुटला असेल, किंवा आठवडेच्या आठवडे उपचार करूनही पायातली कळ जगू देत नसेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टर करतात. नुसती कंबर दुखते म्हणून, किंवा फोटोत गॅप दिसला म्हणून वावर गहाण टाकून ऑपरेशन करायला निघू नये. आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पडून का राहू नये?

पूर्वी डॉक्टरच सांगत, लाकडी फळीवर पंधरा दिवस पडून राहा. आता तसे सांगत नाहीत, आणि त्याला पुरावा आहे. फिनलंड देशात हेलसिंकी शहराच्या नगरपालिकेतील १८६ कर्मचाऱ्यांवर एक पाहणी झाली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. हे सगळे नव्याने कंबर धरलेले लोक होते. काहींना दोन दिवस पूर्ण विश्रांती दिली, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि काहींना सांगितले की झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर सुधारले ते नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे. विश्रांती घेणारे मागे पडले. अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीचा हा हिशेब, तर दोन-दोन महिने बाजेवर काढणाऱ्याचे काय होत असेल?

याची कारणे समजून घेऊ. पडून राहिलेल्या माणसाचे पाठीचे आणि पोटाचे स्नायू दिवसागणिक अशक्त होतात. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूने झिरपत येते आणि हालचालीने त्याला मदत होते. सांधे आखडतात. मग उठल्यावर थोडेसे केले तरी दुखते. दुखते म्हणून माणूस पुन्हा पडतो. असा हा रहाट फिरत राहतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्या वावरातले राखणीचे कुत्रे घ्या. एकदा रानडुकरे येऊन गेली की ते इतके बिथरते की पुढे पाचट वाऱ्याने सळसळले तरी रात्रभर भुंकते. डुक्कर नसते, पण भुंकणे खरे असते. जुन्या कंबरदुखीत शरीरातल्या नसांचे आणि मेंदूचे असेच होते. मूळ इजा केव्हाच भरून आलेली असते, पण राखण करणारी यंत्रणा बिथरलेली राहते. म्हणून जुन्या दुखण्यात "दुखते म्हणजे आत काहीतरी तुटते आहे" असे समजू नये. कुत्र्याला मारून उपयोग नाही. सळसळ रोज थोडी थोडी कानावर पडली, आणि काही वाईट झाले नाही, म्हणजे ते शांत होते. कमरेलाही तसेच शिकवावे लागते.

शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण

वणीवरून वर्धा नदी ओलांडली की वरोरा येते. तेथील आनंदवन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाबा आमटे यांचा जन्म हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ रोजी झाला. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि दगडाळ, पडीक जमिनीवर कुष्ठरुग्णांच्या हातांनी शेती उभी केली. या कष्टाळू माणसाला पुढे मणक्याच्या विकाराने गाठले. विकार साधासुधा नव्हता. त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे.

अशा अवस्थेत सत्तरीचे बाबा डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' घेऊन निघाले. तरुण मंडळी सायकलींवर होती. बाबांसाठी बसगाडीत झोपण्याची सोय केली होती. बसता येत नाही म्हणून प्रवास रद्द झाला नाही, प्रवासाची पद्धत बदलली. १९८८ साली अरुणाचल प्रदेशातील इटानगरहून गुजरातेतील ओखापर्यंत दुसरी यात्रा झाली. १९९० साली ते नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, आनंदवनात त्यांचे निधन झाले.

बाबांची कंबर पहिल्यासारखी झाली, असे आम्ही म्हणत नाही. ती झाली नाही. आणि सर्वांनी त्यांच्याएवढे सोसावे असाही आग्रह नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की "दुखणे गेले का?" या प्रश्नापाशी ते अडून बसले नाहीत. "या शरीराने आज काय करता येईल?" असा प्रश्न त्यांनी केला आणि जे करता येत होते ते केले. आपल्यापैकी बहुतेकांचे मणके त्यांच्यापेक्षा कितीतरी धडधाकट आहेत. आपण तर पहिल्या कामावर बऱ्याच अंशी परत येऊ शकतो.

हप्त्याहप्त्याने वाढवा

उसाला युरिया आपण एकदम टाकत नाही, हप्त्याने देतो. एकदम दिला तर वाया जातो. कमरेचे काम तसेच. येथे दोन चुका होतात. एक म्हणजे काहीच न करणे. दुसरी म्हणजे एखाद्या दिवशी बरे वाटले की सारे वावर एका दिवसात ओलून टाकणे आणि मग चार दिवस आडवे होणे. दोन्ही टाळण्यासाठी रोजचे माप ठरवावे आणि ते घड्याळावर पाळावे, दुखण्यावर नाही.

चालणे : वाईट दिवशीही आपण किती मिनिटे चालू शकता ते पाहा. समजा दहा मिनिटे. मग सात-आठ मिनिटांपासून सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा. बरे वाटले म्हणून जास्त नाही, थोडे दुखले म्हणून कमी नाही. असे करत आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास, इथवर या. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर झालेली पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना असा वाढत्या मापाचा चालण्याचा कार्यक्रम आणि त्याबरोबर समजावून सांगणारा माणूस मिळाला, त्यांचे दुखणे परत येण्यास साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांचे ११२ दिवसांतच परतले. चालण्याला पैसा लागत नाही. बांधावरून चाला, धुऱ्यावरून चाला, पण मोजून चाला.

व्यायाम : जमिनीवर सतरंजी टाकून पुढील चार-पाच प्रकार करावेत. आरंभी प्रत्येकी पाच वेळा, पुढे दहापर्यंत.

१) उताणे झोपून एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढणे.

२) उताणे झोपून, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवून कंबर हळूहळू वर उचलणे, पाच आकडे मोजणे, खाली आणणे.

३) हात-गुडघ्यांवर उभे राहून मांजरासारखी पाठ वर कमानीत आणि खाली झोकात नेणे.

४) त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय सरळ ताणणे.

५) बाजेवरून किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे.

एकाच जातीच्या व्यायामाचा आग्रह नाही. ज्यांना योगासने येतात त्यांनी ती करावी. रोज होईल तो व्यायाम चांगला. जवळपास भौतिकोपचार तज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट असतील तर एकदा पद्धत शिकून घ्यावी.

किती दुखले तर चालते? व्यायामाने किंवा कामाने दुखणे थोडे वाढले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीवर आले, तर माप बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही चढेच राहिले तर माप थोडे खाली आणा, पण बंद करू नका. अधूनमधून कंबर पुन्हा धरणार हे गृहीतच धरा. अशा वेळी दोन-तीन दिवस एक पायरी खाली उतरा, शेक घ्या, घरातल्या घरात फिरत राहा आणि पुन्हा चढा. उगवणीत नांग्या पडल्या म्हणून आपण सारा प्लॉट मोडत नाही, नांग्या भरतो.

वजन : सुरुवातीला अर्धी बादली. पंधरा दिवसांनी पूर्ण बादली. मग पाच-दहा किलोची पिशवी, मग पंधरा. कुणाला पूर्ववत कामाला दोन-तीन महिने लागतील, कुणाला सहा. शेजाऱ्याशी तुलना करू नये.

वावरातली कामे

वाकणे हे काही विष नव्हे. लहान मूल दिवसभर वाकते. अशक्त झालेल्या कमरेवर एकाएकी, तासन्‌तास किंवा जड ओझे घेऊन वाकणे बाधते. म्हणून :

— लागणीच्या वेळी टिपरी दाबणे, खत पेरणे, पाणी फिरवणे ही कामे आलटून-पालटून करा. अर्ध्या-पाऊण तासाने ताठ उभे राहून दोन मिनिटे पाठीमागे झुका.

— युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. बरी होत असलेल्या कमरेने ती एकट्याने पाठीवर घेऊ नये. दोघांनी धरावी, किंवा बांधावर गोणी फोडून घमेल्याने न्यावी. उचलताना ओझे अंगाशी धरावे आणि कमरेतून पिळ न देता पाय फिरवून वळावे.

— पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला की पंपासह वीस किलोच्या आसपास जातो. आरंभी अर्धा भरा. फेरे वाढतील, पण कंबर टिकेल.

— ट्रॅक्टरवर सलग बसल्याने धक्के आणि हादरे कमरेला बसतात. बैठकीची स्प्रिंग आणि गादी दुरुस्त ठेवा. तासाभराने उतरून चाला. उतरल्या-उतरल्या लगेच ओझे उचलू नका.

— ज्यांना जमेल त्यांनी ठिबक घ्यावे. पाण्याबरोबर विद्राव्य खत देता येते. रात्री-बेरात्री सरीतून वाकत दार मोडण्याचे कष्टही वाचतात.

गोळी, सुई आणि पट्टा

वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस, चालणे-फिरणे सुरू करण्यापुरती घ्यावी. महिनोन्‌महिने घेतलेल्या अशा गोळ्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडावर आघात करतात. रक्तदाब असलेल्याने तर अधिकच जपावे. बाजारात नाव-गाव नसलेल्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत उड्या मारायला लावतात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. अशा पुड्यांच्या वाटेला जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, काही प्रमाणात मालिश आणि हाताने करावयाचे उपचार, तसेच मनाला आधार देणारे उपचार यांना त्यात जागा आहे. कमरेचा पट्टा, वजने लावून ताणणे आणि अफूच्या वर्गातली औषधे यांची नेहमीच्या उपचारात शिफारस केलेली नाही. पट्ट्यावर पट्टा बदलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

घरच्यांनी काय करावे?

कंबर धरलेल्या माणसाला घरचे प्रेमाने सांगतात, "तुम्ही हात लावू नका, आम्ही करतो." पहिल्या दोन-चार दिवसांपुरते ते ठीक. पुढे त्याच प्रेमाने माणूस निकामी होतो. त्याला बेणे निवडू द्या, मजुरांचा हिशेब ठेवू द्या, मोटर चालू-बंद करायला जाऊ द्या. काम हलके असो, पण ते त्याचे असो.

घरातल्या बाईची कंबरही याच घरातली. निंदण, डोक्यावर हंडा, चुलीपुढे बसणे, तान्हे मूल. आणि दुखले तर "बायकांचे असतेच" म्हणून सोडून द्यायचे. तिलाही हीच तपासणी, हाच अर्धा तास चालायचा वेळ मिळाला पाहिजे. तेवढा वेळ हंडा दुसऱ्या कोणी उचलावा.

दुखणे, झोप आणि चिंता या तिघांची एकमेकांशी सोयरीक आहे. कर्जाची आणि पिकाची काळजी असली की झोप जाते, झोप गेली की कंबर अधिक दुखते. ही कमजोरी नव्हे, शरीराची रीतच आहे. मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने सोसू नये. घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांशी बोलावे. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते. तिथे मराठीत बोलता येते.

तोडणी कामगारांची कंबर

शेवटी एक विनंती. आपला ऊस कारखान्यावर पोचतो तो तोडणी कामगारांच्या कमरेवरून. दिवसभर बुडख्याशी वाकून तोडायचे आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. त्यांना पडून राहण्याची सोय नाही आणि हळूहळू माप वाढवण्याचीही नाही. तेव्हा मोळी लहान बांधू द्या. ती दोघांनी मिळून डोक्यावर द्यावी असे मुकादमांना सांगा. फडातली वाट आणि चढायची फळी पक्की असू द्या, प्यायला पाणी आणि थोडी सावली असू द्या. एखाद्याच्या पायातली ताकद गेली, ताप येत राहिला, तर त्याला दवाखान्यात पोचवणे हे त्या फडमालकाचे काम आहे असे आम्ही समजतो.

बंधू-भगिनींनो, कंबर धरली म्हणून लागण रद्द करण्याआधी एवढे करा. धोक्याची लक्षणे तपासून घ्या. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मग आपले माप ठरवून उद्या सकाळी घराबाहेर पडा, सात मिनिटे तर सात मिनिटे. सुरू हंगामाची लागण साधली नाही तर पुढच्या आडसालीला आपण स्वतः सरीत उभे असाल, अशा हिशेबाने लागा. लागण पूर्ण एकरावर झेपत नसेल तर अर्ध्या एकरावर घ्या. नोंदीसाठी आपल्या गट कार्यालयात यावे. आणि शक्य असेल तर चालत यावे.